काबुकीच्या नटाचा चेहरा

बाबांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं रंगवली. पुण्याच्या हौशी नाटकांतले राजे काय, राक्षस काय, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे, आणि रंगवलेला प्रत्येक चेहरा ते वहीत पेन्सिलीने काढून ठेवायचे. आई गेल्यावर मी त्यांना मँचेस्टरला आणलं. एक डोळा तेव्हाच गेलेला होता, आणि दुसराही जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

एका रविवारी त्यांना म्युझियममध्ये नेलं. तिथे जपानी चित्रं लावली होती, लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली, जुन्या काबुकी नाटकांतल्या नटांची. एका नटापुढून बाबा हलेनात. पांढऱ्याफटक चेहऱ्यावर तांबडे पट्टे, भुवईपासून थेट कानशिलापर्यंत.

"अगं, हा बघ! अस्सा हात पाहिजे! पुढच्या आठवड्यात वही घेऊन येऊ. हा एक काढला की वही बंद."

पुढचा आठवडा कसला येतोय! कधी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज, कधी सुट्टीतही ऑन-कॉल, कधी ट्रामच बंद. ते रोज विचारायचे. एकदा मी खेकसलेसुद्धा, "बाबा, चित्र काय पळून जातंय का?" पळालंच की! म्युझियमला फोन केला तर म्हणे, उजेडाने रंग उडतात, म्हणून आता काही वर्षं अंधारात ठेवलंय; बघायचं तर अपॉइंटमेंट घ्या. ती मिळाली सहा आठवड्यांनंतरची. तोवर बाबा चहाचा कप चाचपून उचलायला लागले होते.

त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिथल्या बाईंनी टेबलावर कोरा करडा कागद अंथरला आणि त्या चित्र आणायला आत गेल्या. बाबा त्या कोऱ्या कागदावरच वाकले. "वा! काय रेघ आहे!" म्हणाले आणि वहीत काढायलाही लागले. मला वाईट वाटू नये म्हणून नाटक करत होते, की खरंच काही दिसत होतं त्यांना, देव जाणे. विचारायची माझी छाती झाली नाही.

बाई चित्र घेऊन आल्या. मी मानेनेच नको म्हटलं, तशा त्या दारातच थांबल्या.

"बघ गं, जमलंय का?"

वहीत नुसती रेघेवर रेघ चढली होती. चेहरा कुठेच नव्हता.

"हुबेहूब," मी म्हटलं.

"झालं मग," बाबा म्हणाले, आणि त्यांनी वही मिटली.