घोंगडी आणि माझ्या मास्ट पेशी

राळेगावकडच्या आमच्या सासरी अंगावर काहीही उठलं की ते पित्तच. घामानं उठो, औषधानं उठो, नाव एक आणि इलाजही एक. अंगभर गेरू चोळायचा आणि माणसाला घोंगडीत घट्ट गुंडाळायचं. वारा लागू द्यायचा नाही, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. सासूबाई या इलाजात स्वतःला पोचलेल्या समजतात. कुणाच्या घरून बोलावणं आलं की काळी घोंगडी काखेत मारून अशा ऐटीत निघतात, जणू सिव्हिल सर्जनच चालले राउंडला.

त्या दिवशी मी मागच्या अंगणात पऱ्हाट्या ओढत होते. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं उपटून जळणासाठी रचून ठेवतात, त्या. ढिगाच्या आत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. एक मानेवर डसली. आदल्या वर्षीही एक डसली होती, तेव्हा नुसती गाठ येऊन जिरली होती. या वेळी मात्र ओसरीपर्यंत येईतो तळहात खाजायला लागले, मग पोट, मग पाठ, आणि अंगभर गांध्या उठल्या.

“पित्त चढलं तुले,” सासूबाईंनी निकाल दिला आणि गेरू उगाळायला घेतला.

मला गुंडाळलं. दुपारची वेळ, वर पत्रे, आणि अंगाला ती टोचरी लोकर. कैक वर्षांच्या पित्तवाल्यांचा घाम त्या घोंगडीत मुरलेला. घाण वास नुसता! खाज कमी व्हायची तर दुप्पट झाली. ओठ सुजले, घसा आतून आवळत चालला, माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“आई, मले श्वास घेता येऊन नाही राह्यला.”

“मुकाट पडून राह्य. हालशीन तं अजून चढन.”

नवरा दारात उभा होता. हा माणूस कृषी पदवीधर. कपाशीवर कोणती अळी पडली हे तो शेताच्या धुऱ्यावरूनच सांगतो; बायकोच्या अंगावर काय उठलंय ते मात्र आईला विचारून सांगणार. “थांब ना जराशी,” तो म्हणाला. “आई पाहून राह्यली ना.”

पाहत होत्या खऱ्या. मी मरते की काय हे सगळं घर अगदी मन लावून पाहत होतं. त्यांच्यावर विसंबून राहिले तर संपले, हे मला लख्ख कळलं. मी घोंगडी लाथेनं उडवली आणि गेरूनं माखलेल्या तोंडानं, डोक्यावर पदर नाही अशी रस्त्याकडे निघाले. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. गावानं पाहिलं, म्हणून नवऱ्यानं मोटरसायकल काढली. माझा श्वास अडकला म्हणून नव्हे.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं आणि घसा मोकळा झाला. रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. मी विचारलं तसं तिनं समजावून सांगितलं. कातडीखाली, घशात, श्वासनळीत, आतड्यात मास्ट पेशी म्हणून असतात. पोटात हिस्टामिन नावाच्या रसायनाचे दाणे भरून बसलेल्या. पहिल्या वेळी माशी डसते तेव्हा शरीर तिच्या विषाची ओळख धरून ठेवतं. पुन्हा ते विष आलं की या पेशी फुटल्यागत सगळे दाणे बाहेर टाकतात. मग सूज, खाज, श्वासाची अडचण, रक्तदाब खाली. कुणाला हेच शेंगदाण्यानं होतं, कुणाला गोळीनं.

“आणि उष्णतेनं, घासण्यानं त्या अजून चवताळतात,” ती म्हणाली. “हे गेरूचं कुणी केलं?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइल पाहत होता.

जंत आणि विषापासून वाचवायला ठेवलेल्या या पेशी, आणि एका माशीपायी घरच्याच माणसाचा गळा दाबतात. वर हे सगळं माझ्या भल्यासाठी! मला त्यांचं काही नवल वाटलं नाही. अशाच लोकांत मी नांदत होते.

घरी आले तर ओसरीवर बायका जमलेल्या. “गेरू लावला म्हनून वाचली,” सासूबाई सांगत होत्या. “सुई तं नावाले.” बायका माना डोलवत होत्या. मी हातपाय धुऊन आत गेले. त्या बाईशी बोलायचीसुद्धा मला किळस आली.

पुढे पावसाळ्याआधी तोच ढीग हलवताना नवऱ्याला माशी डसली. दंडावर चार गांध्या उठल्या, बाकी गडी धडधाकट. सासूबाई मात्र अंगणभर धावत सुटल्या. “अरे, ऑटो बोलवा! दवाखान्यात न्या माह्या लेकराले!”

मी आत जाऊन घोंगडी आणली आणि त्यांच्यापुढे धरली.

“आई, गुंडाळा ना. पित्त चढलं त्याइले.”

त्यांनी ती माझ्या हातातून हिसकून दूर फेकली.

“येडी झाली काय वं? जीव गुदमरन ना त्याचा!”