खंडेनवमीची चकाकी

आकारामदादांना हळू बोलता येत नसे. साताऱ्याकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले, आमच्या माधवनगरच्या कारखान्यात भट्टी सांभाळत. ‘चहा आला’ हेसुद्धा लढाई सुरू झाल्यासारखं सांगत, आणि मी हिशेबाच्या टेबलावर दचकत असे.

गिरण्यांच्या उरलेल्या कापसापासून आम्ही पांढरी पूड करत होतो. पाण्यात ती दाट होते, म्हणून सुताच्या खळीसाठी गिरण्याच ती नेत. १९९४च्या सुमारास एकेक गिरणी बंद पडली आणि मालक विष्णुपंतांनी तेलविहिरींचं गिऱ्हाईक गाठलं. विहीर खोदताना आत सोडायच्या चिखलात अशी पूड लागते. पण तिथे खारं पाणी, आणि ताप उकळत्या पाण्याहून जास्त. त्यात पूड टिकली तरच कारखाना टिकणार होता.

आमच्या केमिस्ट पद्माबाई पितळी नळकांड्यांत मिठाचं पाणी आणि पूड भरून झाकणं आवळत. दादा ती रात्रभर भट्टीत ठेवत. सकाळी आतलं काकवीसारखं दाट ओघळलं, की दादा गरजत, “टिकलं गड्या!” दसऱ्याआधी रोज टिकत होतं. दसरा झाला आणि नुसतं पाणी! तीच पूड, तेच मीठ. गिऱ्हाइकाचा माणूस दोन दिवसांत माल तपासायला येणार होता.

पद्माबाईंनी रिकामं नळकांडं उचललं, झाकणाच्या आट्यांतून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. त्यांचं तोंड वाकडं झालं.

“दादा, ही कशानं घासलीत?”

“चिंचेनं! खंडेनवमीला हत्यारं उजळाया नगंत व्हय? धुतली तर चकाकी जाती, म्हणून नुसती पुसली!”

“अहो, आंबट राहिलं की तापात आपल्या पुडीतले कापसाचे बारीक धागेच तुटतात, मग दाटपणा कुठून राहणार?”

दादांचा आवाज गेला. खरंच गेला! दिवसभर ते सोड्याच्या उकळत्या पाण्यात नळकांडी धूत राहिले.

गिऱ्हाइकाच्या माणसानं मीठ स्वतः मोजून घातलं. सकाळी झाकण उघडताना दादा दारातच उभे, पुढे यायला तयार नाहीत. नळकांडं कलंडलं. आतलं हललंच नाही. मग सावकाश, जाडजूड धारेनं उतरू लागलं. मला नाचावंसं वाटलं. सगळ्यांनी दादांकडे पाहिलं, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

तेव्हा कधी आवाज न चढवणाऱ्या पद्माबाईच दाराकडे वळून ओरडल्या, “टिकलं गड्या!”