लोखंडावरचा नंबर

"कागदाचं सांगू नकोस. लोखंड वाच," काका म्हणायचे आणि बंदुकीच्या नळीवरून बोट फिरवायचे.

ऑफिसात आम्ही सगळेच त्यांना काका म्हणायचो. मस्कतमधल्या अल् खुवैरच्या आमच्या ट्रॅव्हल कंपनीत त्यांचं काम जरा न्यारं होतं. शिकारीसाठी परदेशी जाणाऱ्या ओमानी गिऱ्हाइकांना स्वतःची बंदूक सोबत न्यायची असे. तिचे परवाने काका काढत. स्वतः मात्र चिपळूणचे, पक्के शाकाहारी, आणि पाल दिसली की खुर्चीवर चढणारे. "काका, एकदा तरी चालवलीत का हो?" असं विचारलं की म्हणायचे, "मला काय करायचंय चालवून? मला नंबराशी मतलब."

पद्धत ठरलेली. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, पेटी उघडायला लावायची. काका बंदुकीवरचा एकेक आकडा मोठ्यांदा मराठीत वाचणार आणि अर्ज हातात धरून मी "बरोबर" म्हणणार. घरातली मंडळी कहवा पीत हसू दाबायची. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता. मी तर हमखास हसायचो. पण काकांनी कागद केलेली एकही बंदूक विमानतळावर अडली नव्हती आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा सोहारचं एक काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. तिथले एक अर्बाब, म्हणजे बडे शेठ, आपल्या म्हाताऱ्या वडिलांना शिकारीला घेऊन चालले होते. वडिलांची ही बहुधा शेवटचीच शिकार. सोहारला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत. मी कंटाळा केला. गेलोच नाही. गेल्या वर्षीच्या फायलीतला नंबर अर्जावर उतरवला.

"लोखंड वाचलंस?" काळा चष्मा लावलेल्या काकांनी विचारलं.

"हो, काका."

त्यांनी सही केली.

गेल्या वर्षी अर्बाबांनी स्वतःची बंदूक नेली होती. यंदा पेटीत वडिलांची होती. मस्कतच्या विमानतळावर नंबर जुळेना. मुलगा म्हणाला, तिकडे दुसरी भाड्याने घेऊ. म्हातारे ऐकेनात, उभा जन्म जी खांद्याला लावली ती सोडून ते जाणार नव्हते. बापलेक तसेच सोहारला परतले.

दुसऱ्या दिवशी अर्बाब ऑफिसात येऊन थडकले. काका उठून उभे राहिले. "सही माझी आहे. मी स्वतः न वाचता केली. चूक माझीच." आमचे मालक एवढंच म्हणाले, "खलास." काकांची नोकरी संपली. माझी बायको-मुलं नुकतीच गावाहून माबेलाला माझ्याकडे राहायला आली होती, नोकरी घालवणं मला परवडणारं नव्हतं. मी मान खाली घालून बसून राहिलो. त्याची आजही लाज वाटते.

काका कायमचे गावी निघाले, तेव्हा विमानतळावर त्यांना मीच सोडलं. गाडीत ते म्हणाले, "त्या म्हाताऱ्यांना पुन्हा नेतील ना रे शिकारीला?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

काउंटरवर त्यांच्या बॅगेला टॅग लागला. सवयीने काका वाकले आणि त्यावर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्यांदा वाचू लागले. पावती माझ्या हातात होती. त्या दिवशी मी प्रत्येक आकडा नीट पाहिला.

"बरोबर," मी म्हणालो.

काका सरळ झाले. "मी विचार करत होतो. तू लोखंड वाचलंस, तरी असं कसं झालं? तू सोहारहून वाचून आल्यावर त्यांनीच बंदूक बदलली असणार. नाही का?"

"असेल, काका."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. माझ्या खांद्यावर थोपटून ते आत गेले.