कुवाऱ्या मारोतीचे रोडगे

नेरच्या स्टँडावर मोटार लागली तेव्हा माझ्या एका हातात गव्हाच्या भरड्या पिठाची थैली होती, दुसऱ्या हातात तुपाचा डबा आणि तोंडात शिव्या. शिव्या कोणाला द्यायच्या ते ठरलं नव्हतं. वैशाखाचं ऊन होतं, त्यालाच दिल्या. आमचा मुलूख आधी नागपूरच्या राज्यात होता, मग मुंबईच्या राज्यात गेला. ऊन मात्र कोणी बदलून दिलं नाही.

मी हिंडणारा माणूस नाही. शाळा दुसरीपर्यंत आणि प्रवास बाजारापर्यंत. पण होळीच्या आधी माझी बायको भागीरथी तापानं मेली. तेरवी झाल्यावर तिची धाकटी बहीण कौसल्या परत निघाली, ती दारात थांबून म्हणाली, "भाऊजी, अक्कानं आमच्या गावच्या मारोतीले रोडगे कबूल केले होते. तो नवस फेडाचा राह्यला. मिरग लागाच्या आत या अन् तुमच्या हातानं भाजा. दुसऱ्याच्या हातचे चालणार नाही."

"नवस कायचा होता?" मी विचारलं.

तिनं पदर तोंडाला लावला आणि गेली.

देवाचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. त्याच्या दारात मी जात नाही, माझ्या दारात तो येत नाही. पण भागीची गोष्ट निराळी. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर परत देताना वाटीला शीग लावून द्यायची. अशा बाईचा एक शब्द अर्धवट पडून राहिला, हे मला जेवताना घशात अडकायला लागलं. म्हणून निघालो.

आता रोडगे काय असतात ते सांगतो. घाटाखालच्या वाचणाऱ्यांना माहीत नसेल, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना नशीबच तसं मिळालं. गव्हाचं भरडं पीठ घट्ट मळायचं, त्याच्या लहान-लहान चकत्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, शेवटल्या मोठ्या चकतीत सगळ्या गुंडाळून मुठीएवढा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या आरात (निखाऱ्यांत) भाजायचा. वऱ्हाडात हे काम बाप्या माणसांचं. शेतात, आखरावर, झाडाखाली माणसंच भाजतात आणि बायका त्यांना नावं ठेवतात. आमच्या घरी मात्र तेही भागीच करायची. मी पत्रावळ घेऊन सगळ्यांच्या आधी बसायचो. त्या कामात माझा हात धरणारा नेरच्या पंचक्रोशीत कोणी नव्हता.

दारव्ह्याच्या अलीकडे मोटारीनं दम टाकला. पुढून वाफ, खालून पाणी. ड्रायव्हर म्हणाला, थंडी होऊ द्या. एवढ्या उन्हात मोटार थंडी व्हायची म्हणजे आम्ही सगळे आधी थंडे होणार, असं एक बाई म्हणाली. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली उस्मान मिस्त्रीचं दुकान होतं. मोटारीखाली शिरायच्या आधी त्यानं आपलं जेवण चुलीवर ठेवलं. चूल म्हणजे फुटकी घमेली, आणि सायकलीच्या जुन्या आऱ्या घासून लख्ख करून त्यांत मटणाचे तुकडे ओवलेले. वास असा सुटला की अर्धी मोटार त्या झाडाखाली आली.

"खाओगे, बाबा?" त्यानं विचारलं.

"नवसाले चाललो, मिया. आज चालत नाही."

"तो नाक से खाओ. नाक का उपास थोडी है."

माणूस मला आवडला. मी उकिडवा बसलो आणि विचारलं, वरून न करपता आत शिजतं कसं. रोडगे भाजायला चाललेल्या माणसाला हे कुठून तरी कळायला हवंच होतं.

"धुआँ दिखे तब तक हाथ बांध के बैठो," तो म्हणाला. "लोगों को सबर नहीं. इसलिए ऊपर काला और अंदर जिंदा. और फूँक मत मारो. पंखा झलो. फूँक मारी तो राख पहले तुम खाओगे."

त्यानं घमेलीच्या कडेला राखेत अख्खे कांदे सालासकट पुरले होते आणि दोन कैऱ्याही. भाजलेली कैरी त्यानं मला दिली, कैरीला नवसाची अडचण नव्हती. साल ओढून गर पितळीत कुस्करला, गूळ-मीठ-पाणी घालून पन्हं केलं, जिरं नव्हतं. ऊन लागू नये म्हणून याच्याहून चांगलं काही नाही, आणि कैरी उकडून करतात त्यांना मी काय म्हणू! भाजलेल्या कैरीला जो धुराचा वास येतो तोच खरा ऐवज. मिस्त्री मोटारीखाली गेला, तिला दोन शिव्या आणि एक हातोडा दिला, आणि ती चालू झाली.

दिग्रसला उतरलो तेव्हा जिनिंगच्या भिंतींची सावली लांब झाली होती. तिथून भागीच्या माहेरी, धामणखेडीपर्यंत पायी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) उपटून ढीग लावलेले, जमीन तव्यासारखी. लग्नानंतर भागीला आणायला मी याच रस्त्यानं बैलगाडीत आलो होतो. तेव्हा रस्ता एवढा लांब नव्हता.

कौसल्या अंगणात गोवऱ्या रचत होती. मला पाहून उठली नाही.

"आले का भाऊजी? तूप आणलं का सांडलं?"

"पाघळलं. पण डब्यातच हाय."

"अक्का गेल्यापासून वायले तुमी. जेवता का नाई?"

"जेवतो. पोटाले कोण सांगन का ती मेली म्हणून?"

वायले म्हणजे वाळले. ती वांग्याची भाजी टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखरावर (गावची ढोरं उभी राहतात ती जागा) पिंपळाखाली मारोतीच्या समोर मी गोवऱ्या पेटवल्या. धामणखेडीत नियम असा की घरच्या खाण्याचे रोडगे लहान, पण देवाचा रोडगा नारळाएवढा, आणि तो दोन हातांनी दाबल्यावर एका दमात फुटला पाहिजे. आत कच्चा निघाला तर देवानं घेतला नाही असं समजतात आणि पुन्हा भाजावा लागतो. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आखरावर चार म्हातारे येऊन बसले, त्यांनी सांगितलं. ते त्याचीच वाट पाहत बसले होते.

धूर जाईपर्यंत मी हात बांधून बसलो, मिस्त्रीचं ऐकून. आर पडला, तो पसरला, रोडगे मांडले, वरून फुफाटा (गरम राख) लोटला. इथपर्यंत बरं होतं. पण मग माझा जीव राहीना. दर थोड्या वेळानं काडीनं राख बाजूला करायची, रोडगा उलटायचा, बोटानं दाबायचा, बोट भाजलं की तोंडात घालायचं.

"पाहुणे, अंडे उबवून राह्यले का?" एक म्हातारा म्हणाला.

देवाचा रोडगा काढला, फडक्यानं राख झटकली, दाबला. वरून कोळसा, आतून ओलं पीठ बोटाला चिकटलं. अंदर जिंदा. म्हातारे इतके खूश झाले की त्यांतल्या एकाला ठसका लागला. मी तो गोळा कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं हुंगला आणि ते मारोतीच्या मागे जाऊन झोपलं.

"तूच भाजून दे," मी घरी येऊन कौसल्येला म्हणालो. "देवाले काय कयते कोणाचा हात हाय ते."

"देवाले नाई कयत, पण मले कयते. अक्कानं सांगतलं होतं, त्याइच्याच हातचे पाह्यजे. उद्या पुन्हा करा."

"काहून पण? असं काय मागतलं होतं तिनं?"

"रोडगे झाल्यावर सांगीन."

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी पुन्हा आखरावर गोवऱ्या पेटवल्या. या वेळी पीठ जास्त मळलं, चिमूटभर ओवा आणि कडकडीत तेलाचं मोहन टाकलं. आर पडल्यावर मधला भाग उकरून खड्डा केला, देवाचा रोडगा त्यात बसवला, भोवती लहान रोडगे, कडेला वांगी, कांदे आणि लसणाचे गड्डे. वरून सगळं झाकलं. म्हातारे आजही आले होते, कौसल्याही आली होती. काडी उचलली तसा कौसल्येनं माझा हात धरला.

"भाऊजी, बसा. पाहू नका."

"पाहू नको तर काय करू?"

तिनं काडी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "ऐका मंग. अक्काचा नवस अहेव मराचा होता. त्याइच्या आधी मले ने, कपाळ भरलं असताना ने, मंग माहा घरधनी तुले रोडगे आणून देईन. असं म्हणली होती ती. माह्यासमोर."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा उठून उभा राहिलो.

असा नवस की बोलणाऱ्याला फेडताच येत नाही. पावला की ती नाही, नाही पावला की गरज नाही. फेडायला मागं उरेल तो नवरा. चाळीस वर्षं जी बाई मला एक गोवरी उचलायला लावू शकली नाही, तिनं मरून लावली.

"मी नाई फेडत," मी म्हणालो. "माह्यासंग बोलून केला होता का हा नवस? मलेच आधी जाचं होतं."

"भाऊजी..."

"तू गप बस. तुयं काम नाई."

मी तिथून सरळ मारोतीपुढे गेलो. चपला काढल्या नाहीत. म्हातारे पाहत होते, पाहू दिलं.

"काय रे," मी त्याला म्हणालो, "बायका तुले सतरा गोष्टी मागते. कोणी पोरगं मागते, कोणी पाऊस मागते, ते तुले ऐकू येत नाई. हे बरं ऐकू आलं! तुयं लगन झालं नाई, तुले काय ठाऊक बायको काय असते ते? अन् औषध पाह्यजे म्हणून अख्खा पहाड उचलून आणला होता ना तू? मंग हिच्या तापाले काहून नाई आणला? एक मुळी आणली असती तरी झालं असतं. एक मुळी, गड्या."

पुढे जे बोललो ते लिहिण्याजोगं नाही. त्याच्या अंगावरचा शेंदूर उन्हानं पाझरत होता. मी बोललो, दमलो, बसलो, पुन्हा बोललो. म्हातारे कधी उठून गेले ते समजलं नाही. कोणी माणूस देवाशी भांडायला लागला तर आमच्याकडे माणसं मधे पडत नाहीत.

"भाऊजी, रोडगे!" कौसल्या ओरडली तेव्हा भान आलं.

सगळं जळून गेलं असेल म्हणून मी धावलो नाही, चालत गेलो. राख सारली. देवाचा रोडगा काढला. राखेखाली तो बदामी रंगाचा होता, एका बाजूला थोडा डाग. फडक्यात धरून दोन्ही तळव्यांनी दाबला. फट् करून फुटला आणि आतून एकावर एक पापुद्रे सुटून वाफ आली. ती वाफ नाकात गेली आणि मी तिथंच बसलो. वास भागीच्या रोडग्यांचा होता.

म्हणून घरी करून पाहणाऱ्यांना सांगतो. झाकल्यावर उकरू नका. हात स्वस्थ बसत नसतील तर उठून कोणाशी तरी मनापासून भांडून या.

कौसल्येनं तुपाचा डबा माझ्याकडे सरकवला. मी अर्धा रोडगा हातात घेऊन बसलो होतो. देव मला पटला नव्हता, नवसही पटला नव्हता. पण भागीनं मागितलं होतं, त्यानं दिलं होतं, आणि ती देणं न फेडता गेली असं कोणी म्हणायला नको होतं. मारोतीनंसुद्धा. मी रोडग्याच्या पापुद्र्यांत तूप ओतलं, खाली गळेपर्यंत ओतलं, आणि नेऊन त्याच्यापुढे ठेवला. या वेळी चपला काढल्या. हात जोडले नाहीत.

मग भाजलेली वांगी सोलून लसूण, कांदा आणि हिरव्या मिरचीत कुस्करली आणि आम्ही जेवलो. उठून गेलेले म्हातारेही आले. मी सहा रोडगे खाल्ले. होळीनंतर पहिल्यांदाच पोटभर जेवलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

परतीच्या मोटारीत माझ्या शेजारी दारव्ह्याकडचा सुदाम नावाचा एक गडी बसला. धोतरावर पांढरा सदरा, बोलायला मोकळा. कौसल्येनं निघताना आरात पुन्हा गरम करून बांधून दिलेला रोडगा मी फडक्यातून काढला तसं त्यानं विचारलं, "देवाचा हाय का, मामा? आमी नागपूरले जाऊन देव सोडून आलो, बुद्धाचे झालो. आमाले चालत नाई."

"देवाचा देवापाशी राह्यला. हा माहा हाय."

"मंग द्या."

अर्धा त्याला दिला. तो चवीनं खात होता. खिडकीबाहेर ओसाड वावरं मागे जात होती, आणि मला वाटलं, घरी गेल्यावर अंगणात गोवऱ्या रचायला आता कोणाला विचारावं लागणार नाही. विचारायला कोणी नाही हे वेगळं.

"नवसाचे होते म्हणता," सुदाम म्हणाला, "पावला का मंग?"

"पावला."

"मंग तोंड काहून असं?"

"नवस माहा नव्हता. बायकोचा होता."

"तिले काहून नाई आणलं? जिचा नवस तिनं याले नको का?"

"तिले येता आलं असतं," मी म्हणालो, "तर फेडायची गरजच नसती पडली."

तो चावता चावता थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. तो खाली ठेवावा की तोंडात घालावा ते त्याला समजेना.

"खा, खा," मी म्हणालो. "थंडा झाला का दगड होते."