मोटारीचं न्हाणं

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे, गोड बोलणं मला जमत नाही, म्हणून सरळच सांगतो. माझ्या मावशीच्या यजमानांइतका हट्टी, जुनाट आणि चळवळीला निरुपयोगी माणूस उभ्या बेळगाव जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि ज्यांच्या घरी पुन्हापुन्हा जेवायला जावंसं वाटतं असाही दुसरा नाही. सारी पेठ त्यांना आप्पा म्हणते. वडगावात त्यांचे माग, मागांवर साड्या, आणि मागांच्या पडवीत, जिथं देशी धोट्याचाच आवाज घुमायला हवा तिथं, एक काळी विलायती मोटार. कुणी साहेब मायदेशी परतताना टाकून गेलेली ही गाडी आप्पांनी घरी आणली, तेव्हा मी इतका संतापलो की दोन पानी मजकूर लिहून काढला. आप्पांनी तो वाचला, चांगला आहे म्हणाले आणि गाडीची काच पुसायला वापरला.

मोटारी पुष्कळांकडे असतात; ते त्या चालवतात आणि मिस्त्रीकडे टाकतात. आप्पांनी आपल्या मोटारीला मिस्त्रीचा हात कधी लागू दिला नाही. तिचं ऑईल ते घरीच बदलत आणि त्याला न्हाणं म्हणत. आमच्याकडं बैलाला अवसेला जुंपत नाहीत, म्हणून हे न्हाणंही अवसेला. आधी अनगोळपर्यंत एक चक्कर मारून यायची, कारण थंड ऑईल अंग सोडत नाही. मग गाडी बरोबर मागाच्या खड्ड्यावर आणून उभी करायची. हातमागाला विणकराचे पाय सोडायला जमिनीत खड्डा असतो, तो ठाऊक असेलच. तसाच एक खड्डा पडवीच्या टोकाला मधल्या काळात रिकामा पडला होता. आप्पा धोतर खोचून त्या खड्ड्यात उतरत, डोक्यावर गाडीचं पोट येई, पान्यानं ते खालचं बूच सोडवत आणि काळं ऑईल घमेल्यात धो धो पडू लागलं की डोळे मिटून उभे राहत. शेवटचा थेंब गळेपर्यंत बूच लावायचं नाही असा दंडक होता, आणि तो शेवटचा थेंब रात्रभर येत असे. आतली पितळी जाळी घासलेटात धुऊन उन्हाला ठेवायची. जुनं ऑईल बोटांत चोळून, हुंगून, खळ लावलेल्या सुताचा कस पाहावा तसं पाहायचं आणि इंजिनाच्या प्रकृतीविषयी मावशीला सविस्तर सांगायचं. मावशी मोटारीला सवत म्हणे आणि भाकऱ्या थापता थापता विचारी, "मग आज बाईसाहेबांचं पित्त उतरलं म्हणायचं?"

नवं ऑईल डब्यातून थेट ओतलं तर पाप लागेल अशी त्यांची समजूत होती. ते जुन्या साडीच्या तलम तुकड्यातून गाळायचं. एकदा मी निषेध म्हणून माझा खादीचा रुमाल पुढं केला. निदान गाळणं तरी स्वदेशी असू द्या म्हटलं. आप्पांनी रुमाल उजेडात धरला, दोन बोटांनी ताणला आणि सावकाश घडी करून परत दिला. "सूत सुटतंय रं हिचं. सभेत चालंल, इंजनात न्हाय." हा माझ्या सगळ्या कार्यावरचा शेरा होता असं मी तेव्हा मानलं आणि जेवायला बसलो नाही. संध्याकाळी मात्र बसलो. गळलेलं काळं ऑईल ते प्रसादासारखं वाटत. गाडीवाल्यांना चाकांच्या आसांसाठी, शेजाऱ्यांना बिजागऱ्यांसाठी. आमच्या आळीत कुठलंच दार कुरकुरत नव्हतं, त्यामुळं पोलीस माझ्या शोधात आले असते तर कळायची पंचाईत झाली असती.

पोलीस खरोखर आले ते मात्र माझ्यासाठी नव्हे, माझ्या मावसभावासाठी. आप्पांचा हा एकुलता मुलगा अबोल, जवळजवळ मुकाच, आणि माझ्याहून कडवा. दिवसभर माग चालवायचा आणि फावल्या वेळात चळवळीचं काम करायचा. त्याला धरून नेलं तेव्हा सगळे विणकर दारात गोळा झाले होते. आप्पा मोटारीला हात लावून उभे होते. ते एवढंच बोलले, "सुटशील तवा ह्याच मोटारीत बसवून घरी आणीन. माझा शब्द हाय." पोरगाही त्यांचाच. तो फाटकातून वळून म्हणाला, "विलायती तेलावर पळणाऱ्या गाडीत मी पाय ठेवणार न्हाय, आप्पा. माझाबी शब्द हाय." झालं. एका घरात दोन शब्द झाले आणि दोन्ही साऱ्या पेठेनं ऐकलेले. दोघांपैकी एकाचा मोडल्याशिवाय मुलगा घरात येणार नव्हता, आणि मोडणाऱ्यांतला दोघांपैकी एकही नव्हता. मावशीनं देव पाण्यात ठेवले. आप्पांनी ऑईल बदलणं वाढवलं.

सुटकेचा निरोप आला तो दसऱ्याचा. आप्पांनी अवसेची वाट न पाहता अष्टमीला संध्याकाळी न्हाणं काढलं. बूच आणि जाळी धुऊन, चकचकीत करून पडवीच्या कट्ट्यावर ठेवली. सकाळी उठून लावू, ऑईल भरू, मग मोटारीचीही पूजा करू, असा बेत. पण सकाळ होती खंडेनवमीची. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पूजेला बसतं आणि एकदा कुंकू लागलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. माग थांबतात, कात्र्या थांबतात, विळीसुद्धा थांबते आणि आदल्या दिवशी चिरलेली भाजी खावी लागते. आप्पा झेंडू आणायला गेले होते. परत येऊन बघतात तर मावशीनं पहाटेच पूजा मांडलेली; कात्री, धोटे, फणी, लोखंडी पाने, आणि मधोमध हळदकुंकू लावलेलं, डोक्यावर झेंडूचं फूल घेतलेलं मोटारीचं बूच. "एवढं झळकत हुतं," मावशी म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच मांडायला ठेवलंय."

आप्पा अजून बुचाकडं बघतच होते, तेवढ्यात सायकलवरून एकजण ओरडत आला. मुलाला उद्या नाही, आजच सोडतायत, दुपारी.

मी ताबडतोब बोलायला सुरुवात केली. रूढी, अंधश्रद्धा, विसावं शतक, माझ्या एका पत्रकाचा बहुतेक मजकूर मी तिथं उभ्या उभ्या म्हणून दाखवला. बूच उचला म्हणालो. आप्पा म्हणाले, उचलणार नाही. ज्या हत्यारानं सात पिढ्या खाल्लं त्याची एक दिवसाची सुट्टी मोडणार नाही. गावात दुसरं बूच शोधावं, तर प्रत्येक मिस्त्री आपापल्या पान्यांना फुलं वाहून बसलेला. टांगा करा म्हटलं, तर शब्द मोटारीचा दिलेला. मावशी डोळ्यांना पदर लावून उठली आणि म्हणाली, "पाप लागू दे मला. मी काढते." आप्पांनी तिचा हात धरला. बायकोचा हात चारचौघांत धरलेला मी तेव्हाच पाहिला.

माग बंद असल्यामुळं सगळे विणकर पडवीत रिकामे बसले होते. त्यांतला सगळ्यात म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "इंजन नका चालवू. चाकं हाइत न्हवं? ढकलू की."

आणि आम्ही ढकलली. नवीकोरी धोतरं खोचून, मोटारीला झेंडूची माळ घालून, वडगावापासून गावाबाहेरच्या जेलपर्यंत. चढाला दम लागला की माणसं बदलायची, उताराला आप्पा ब्रेक दाबून आम्हाला शिव्या द्यायचे. कोट-टोपी घालून ते सुकाणूवर बसले होते आणि रस्त्यात कुत्रं नसलं तरी भोंपू वाजवत होते. शहापुरात लोकांना वाटलं मिरवणूक आहे, तेही शिरले. मी घोषणा द्यायला लागलो, त्यांनी साथ दिली. माझ्या एवढ्या सभांना कधी एवढी गर्दी जमली नव्हती, हे मला आजही खुपतं.

जेलच्या फाटकाबाहेर मावसभाऊ बोचकं घेऊन उभा होता. हडकलेला, दाढी वाढलेला. मोटार बघून त्याचा चेहरा दगड झाला. आप्पा उतरले, त्यांनी दार उघडलं. "हिच्या पोटात आईलचा थेंब न्हाय," आप्पा म्हणाले. "खाली वाकून बघ."

तो खरंच वाकला. रस्त्यावर उताणा झोपून गाडीखाली सरकला, भोकात बोट घालून आला. बोट जेमतेम काळं झालं होतं. "बूच कुठाय?"

"तुझ्या आईनं पूजेला बसवलंय."

आधी त्याचे खांदे हलले. मग हा मुका माणूस एवढ्यानं हसला की फाटकावरचा शिपाईही हसू लागला. हसता हसताच तो आत बसला. आम्ही ढकलली, पण जेलची भिंत संपायच्या आत त्यानं दार उघडलं आणि खाली उडी टाकली. "तुमचा शब्द राहिला, आप्पा. आता तुम्ही बसा. माणसांनी ढकलायच्या गाडीत मला बसवत न्हाय." आणि त्यानं माझ्या शेजारी खांदा लावला. घरापर्यंत आप्पा एकदाही मागं वळले नाहीत, भोंपूही वाजवला नाही. काच स्वच्छ होती, तरी रुमालानं सारखं काहीतरी पुसत होते.

दसऱ्याला बूच लागलं, ऑईल गाळून भरलं. पण मोटार पडवीत परत गेली नाही, अंगणातल्या चिंचेखालीच राहिली. माळ्यावरून मागाचं लाकूड उतरलं, खड्डा झाडला गेला आणि मावसभाऊ त्यात पाय सोडून बसला. ती त्याचीच जागा होती; त्याला धरून नेल्यावर तिथला माग उतरवून माळ्यावर ठेवला होता. तो आत असताना दोघातिघा विणकरांनी ती मागितली होती आणि प्रत्येकाला आप्पांनी एकच उत्तर दिलं होतं, की जागा मोटारीला लागते. मी तेव्हा त्याला चैन म्हटलं होतं.

आता माझं काम निपाणीला, तंबाखूच्या वखारींत असतं. अवस आली की वाटतं, आप्पा आत्ता चिंचेखाली गोणपाट टाकून उताणे पडले असतील. खड्डा नसल्यामुळं ऑईल थेट मिशीवर येत असेल, आणि पडवीतून धोट्याचा आवाज थांबला की तेवढ्यापुरते ते पाना थांबवून ऐकत असतील.