तीनदा विचारलेला प्रश्न

आमच्या भाषाविज्ञान विभागातल्या झाडून सगळ्या कपाटांच्या किल्ल्या जिच्या कमरेला, ती कपाटबाई. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं आणि तिनं मुकाट्यानं चालवून घेतलं. तिची घरची भाषा या शहरात दुसरं कुणी बोलत नाही. दर रविवारी थोरल्या बहिणीशी ती फोनवर तासभर बोलायची, भांडायचीसुद्धा त्याच भाषेत. मागच्या थंडीत बहीण गेली. तेव्हापासून त्या भाषेतला एक शब्द तिच्या कानावर पडला नव्हता.

म्हणून त्याच भाषेवर जाडजूड ग्रंथ लिहिणारे पाहुणे येणार म्हटल्यावर ती हरखून गेली. "आज कुणीतरी बोलेल गं माझ्याशी," माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली. अंगात इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. मला उगीच धास्ती वाटली.

विभागप्रमुख तर हवेतच होते. जणू ती भाषा त्यांनीच कपाटात जपून ठेवली होती. विद्यार्थी आणि प्राध्यापक दाटीवाटीनं बसले, पाहुण्यांनी तिच्यापुढे माइक ठेवला. त्यांची पद्धत अशी, की जे म्हणायचं ते तीनदा म्हणायचं, म्हणजे रेकॉर्डिंग पक्कं होतं. पाणी, घर, मी गेले, आम्ही गेलो. ती शहाण्या मुलीसारखी तीन-तीनदा म्हणत गेली. मग न राहवून पाहुण्यांकडे वळली आणि तिनं आपणहून काहीतरी विचारलं.

पाहुण्यांचा चेहरा खुलला. "छान. पुन्हा म्हणा."

तिनं पुन्हा विचारलं.

"आणखी एकदा. सावकाश."

तिसऱ्यांदा तिचा आवाज पार खाली गेला होता.

"म्हणजे काय हो?" एका विद्यार्थिनीनं विचारलं.

"जेवलात का, असं विचारलं मी त्यांना."

सगळे हसले. पाहुणे मात्र ओशाळले. "बाई, मला ही भाषा वाचता येते. माझ्याशी ती कधी कुणी बोललंच नाही." माणूस सरळ होता, त्याच्यावर राग तरी कसा धरणार? जाताना त्यांनी आठवणीनं ते रेकॉर्डिंग तिच्या फोनवर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्यासोबत जेवावं म्हणून मी डबा घेऊन कपाटांच्या खोलीकडे गेले. आतून बोलणं ऐकू आलं, म्हणून दारातच थांबले. फोन टेबलावर ठेवून ती एकटीच जेवत होती. फोनमधून तिचाच आवाज कालचा प्रश्न विचारत होता आणि हातातला घास थांबवून ती उत्तर देत होती, तिन्ही वेळा.