दुम्यातच्या नावेला मालवणी हात

२००६ च्या मार्चात मी मालवणहून निघालो, तेव्हा बायकोने माझ्या पिशवीत आमसुलं आणि सुके बांगडे भरले आणि अंगणातल्या होडीत जळणासाठी नारळाची सोडणं. ती होडी मीच बांधलेली. चार वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाने ऐन वेळी फायबरची घेतली आणि माझी तशीच दारात पडून राहिली. नुसती कलफत (फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून भरणं) तेवढी बाकी होती. त्या दिवशी मी मोगरी (कलफतीचा लाकडी हातोडा) माळ्यावर टाकली आणि दारं-खिडक्या करू लागलो. होड्या बांधणाऱ्या मेस्त्रीने दारं करायची म्हणजे वाघाने गवत खायचं. पण पोट कुणाला सुटलंय?

लेक शुभदा इजिप्तमध्ये, दुम्यात प्रांतात राहते. जावई तिथल्या बंदरावर नोकरीला. "बाबा, एकदा येवा," असं ती दोन वर्षं म्हणत होती.

कैरोच्या विमानतळावर बांगड्यांनी घोटाळा केला. अधिकाऱ्याने पुडी उघडली, नाकाला रुमाल लावला आणि मग चक्क हसला. "फसीख," म्हणाला. फसीख म्हणजे त्यांचा खारवलेला मासा, आणि त्याचा वास आमच्या बांगड्याला खाली बघायला लावतो. बांगडे सुटले.

इजिप्त म्हणजे वाळू, ही माझी समजूत. उत्तरेकडे गाडी निघाली तर दोन्ही बाजूंना गहू, पेरूच्या बागा, कालवे आणि खजुरी. दुम्यात शहरात शिरलो आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला. मला एकदम बरं वाटलं. गल्लीगल्लीत सुतारांच्या कार्यशाळा. एक घर फक्त खुर्चीचे पाय कोरतं, शेजारचं फक्त पॉलिश करतं, पलीकडचं गाद्या भरतं. इजिप्तभरच्या नवऱ्यामुलींचे पलंग आणि कपाटं इथूनच जातात, असं शुभदाने सांगितलं. एका म्हाताऱ्या सुताराने माझ्या हाताचे घट्टे बघितले आणि स्टूल पुढे सरकवलं.

इथली जुनी मशीद बघितली. आतले खांब आणखी जुन्या इमारतींमधून आणलेले, एकासारखा दुसरा नाही, म्हणून खाली दगडाचे तुकडे देऊन उंची जुळवलेली. लाकूड तोकडं पडलं की आम्हीही हेच करतो. युरोपातून आलेल्या फौजांनी हे बंदर एकेकाळी जिंकलं आणि पुन्हा गमावलं, असं म्हणतात. संध्याकाळी रास अल-बर्रला गेलो. तिथे नाईल समुद्राला मिळते. आमच्या देवबागजवळ कर्लीची खाडी मिळते तशीच, फक्त इथे लोक बाकड्यांवर बसून मशब्बक (जिलबीची सख्खी बहीण) खातात. मीही खाल्ली, जरा जास्तच.

मला जे बघायचं होतं ते नदीपलीकडे, इज्बत अल-बुर्गला होतं. किनाऱ्यावर लाकडी नावा उभ्या होत्या. एक-दोन नव्हेत, ओळच्या ओळ. तुतीच्या लाकडाच्या बरगड्या, वर निळा-पिवळा रंग. ज्या कामाचं सुतक मी चार वर्षं पाळत होतो, ते इथे भर उन्हात ठणठणत होतं. माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो.

आणि तेवढ्यात मला ते ऐकू आलं. एका मोठ्या नावेची कलफत चालली होती. दुसऱ्या दिवशी ती पाण्यात जायची होती. मोगरी ठण, ठण वाजत होती आणि मागच्या बाजूला, तळाजवळ, बद्द वाजली. फट भरलेली असली की लाकूड बोलतं, पोकळ असली की गिळतं. वडिलांनी मला हे डोळे बांधून शिकवलं होतं.

"शुभदा, ती फट पोकळ आसा. हयसून पाणी येतला. सांग त्यांका."

"बाबा, तुमी गप रवा. आपण पाव्हणे."

मी गप्प राहणारा नव्हे. शेवटी तिने नावेच्या मुख्य कारागिराला सांगितलं. हा उस्ता हसन (उस्ता म्हणजे मेस्त्री), माझ्याच वयाचा, मिशीवाला. त्याचा चेहरा लाल झाला. तो बराच वेळ बोलला.

"तो म्हणता, माज्या बापाशीन बांधलेली नाव अजून समुद्रात आसा, ह्यो हिंदी माणूस माका शिकवतलो?"

"त्याका सांग, माज्या बापाशीचीय आसा."

 मग हसन स्वतः मोगरी घेऊन खाली वाकला. एकदा ठोकली, पुन्हा ठोकली. तिसऱ्यांदा ठोकताना त्याने कान फळीला लावला. उठला आणि मोगरी माझ्या हातात दिली.

चार वर्षांनी हात चालेल का, ही धास्ती होती. लेकीसमोर, परक्या मुलखात, हसं व्हायला कितीसा वेळ लागतो? वरचा कापूस उपसला, नवा पिळून घातला, ठोकत गेलो. पहिले दहा घाव माझे नव्हतेच. अकरावा ठण वाजला. मग थांबलो नाही.

माझ्या वडिलांचा नियम होता: ज्याने फट भरली, त्याने होडी पहिल्यांदा पाण्यात जाताना आत तळाशी बसायचं, फटीवर हात ठेवून. पाणी आलं तर ते आधी त्याला कळलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितल्यावर हसनने शिडी दाखवली आणि स्वतःही मागून उतरला. चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून नाव सुटली, धाडकन नाईलमध्ये बसली. अंधाऱ्या तळाशी आम्ही दोन म्हातारे, हात शेजारी शेजारी. बाहेर बायका आनंदाने किलकारत होत्या. आम्ही बराच वेळ बसलो. फळी कोरडी होती. हसनने माझा तळहात उलटा केला, बघितला, आणि कपाळाला लावला.

त्या रात्री त्याच्या घरी कांद्यात शिजवलेला तपकिरी भात आणि बोयटं मासे (तिथे त्यांना बुरी म्हणतात) जेवलो. आमसुलांची कढी त्याने दोनदा मागितली.

पिरॅमिड राहिलेच. मालवणात उतरल्यावर सगळ्यांनी तेच विचारलं. मी पिशवी ओसरीवर टाकली, माळ्यावरून मोगरी काढली आणि होडीतली सोडणं बाहेर फेकू लागलो.

"आवो, चाय तरी घेवा," बायको म्हणाली. "आणि सोडणां खंय ठेवू मगे?"

"चुलीत."

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. आत मी होतो, आणि समोर पदर खोचून बायको. मी काही बोलायच्या आधीच तिने फटीवर हात ठेवला.

"कोरडी आसा," ती म्हणाली.